अंगी लागणे

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावात भुसार मालाची एक जुनी पेढी आहे. पेढीच्या ओट्यावर पोती तोलण्याचा काटा असतो. बाबूजी दर सोमवारी सकाळी, पहिले पोते चढण्यापूर्वी, स्वतः त्या काट्यावर उभे राहत आणि आलेला आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत. शस्त्रक्रियेपूर्वी ६८ किलो. रुग्णालयातून घरी आले तेव्हा ६०. दीड महिन्याने ५६. तीन महिने पुरे झाले तेव्हा ५३. आयुष्यभर लोकांचा माल तोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या वजनातली ही तूट कोठे होते, ते उमगत नव्हते. कारण जमेच्या बाजूला कसलीही कमतरता नव्हती.

जमेची बाजू बाईंच्या हाती होती. घरात आणि पेढीवर बाबूजींच्या पत्नीला सगळेच 'बाई' म्हणत. आजारातून उठलेल्या माणसाला तुपाखेरीज बळ येत नाही, हा त्यांचा विश्वास पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कधी डळमळला नव्हता. घरच्या लोण्याचे, मंद आचेवर कढवलेले तूप वरणावर, खिचडीवर, फुलक्यावर आणि सकाळच्या शिऱ्यात पडे. रविवारी दाल-बाटी असे, आणि बाटी तुपात बुडवूनच ताटात येई. बाबूजी न कुरकुरता जेवत. पत्नीच्या हातची तुपाची धार नाकारणे म्हणजे तिची माया नाकारणे, असे त्यांना वाटे. वजन उतरत गेले तशी धार वाढत गेली, आणि धार वाढली तसे वजन अधिकच उतरू लागले. 'खाल्लेलं अंगी लागत नाही हो यांच्या,' असे बाई शेजारणींना सांगत. डॉक्टर पुढे चाचण्या करून जे सांगणार होते, ते बाईंनी त्या एका वाक्यात अगोदरच सांगून टाकले होते. त्याचा अर्थ मात्र कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.

खरी खूण एकट्या बाबूजींना ठाऊक होती आणि ती सांगण्याची त्यांना लाज वाटे. शौचाचा रंग फिका झाला होता. त्यावर तेलाचा तवंग दिसे, दुर्गंधी असह्य असे आणि भांडे स्वच्छ करण्यास तीन-तीन बादल्या पाणी लागे. सुनेला त्रास नको म्हणून ते पहाटे सर्वांच्या आधी उठत आणि बादल्या स्वतः भरत. पर्युषणात त्यांनी कोणाचे न ऐकता एक आयंबिल केले. दिवसातून एकदाच, तूप, तेल, दूध, दही, गूळ यांपैकी काहीही नसलेले रुक्ष अन्न. दुसऱ्या पहाटे एका बादलीत काम झाले. त्यांनी ते तपाचे फळ मानले आणि मनातच ठेवले.

शस्त्रक्रिया मोठी होती. वैशाखात त्यांना कावीळ झाली. पोटात दुखले नाही, केवळ अंगाला खाज सुटली आणि डोळे पिवळे दिसू लागले. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका जेथे एकत्र येऊन आतड्यात उघडतात, नेमक्या त्या मुखाशी गाठ आढळली. पुण्यात 'व्हिपल' शस्त्रक्रिया झाली. ॲलन व्हिपल या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केल्यापासून या शस्त्रक्रियेला त्यांचे नाव मिळाले. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा तुकडा काढावा लागतो. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर ही तिन्ही आतड्याला नव्याने जोडतात. काम उत्तम झाले. गाठ पूर्ण निघाली. घरी सोडताना दिलेल्या औषधांत एक 'पाचक' कॅप्सूल होती. महिनाभराने बाटली संपली. हिंगाष्टक चूर्णासारखे काहीतरी असेल, भूक तर चांगली लागते, असे म्हणून ती कोणी पुन्हा आणली नाही.

भाद्रपद संपता संपता मुलगा त्यांना पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी भूक विचारली, जेवण विचारले आणि मग सहज विचारल्यासारखे म्हणाले, 'काका, सकाळी भांडं धुवायला पाणी किती लागतं?'

बाबूजींनी बाईंकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग बादल्यांचा सगळा हिशेब सांगितला. आयंबिलाच्या दुसऱ्या दिवसाचा उल्लेख ऐकताच डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. 'त्या दिवशी तुम्ही माझी अर्धी तपासणी करून टाकलीत,' ते म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. पहाटेचा बादल्यांचा आवाज त्यांनी रोज ऐकला होता; तो अंघोळीचा असेल, असे त्या समजत होत्या.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळत नाहीत, आणि शरीराचा व्यवहार तर पाण्यातूनच चालतो. म्हणून तुपाला अंगी लागण्यापूर्वी इतर अन्नापेक्षा अधिक हातांतून जावे लागते. यकृतातून आलेले पित्त तुपाचे सूक्ष्म थेंब करते. स्वादुपिंडातून येणारे लायपेज नावाचे एन्झाइम त्या थेंबांतील मेदाचे रेणू तोडते. तुटलेले भाग पित्तक्षारांच्या सोबतीने आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतात, तेथील पेशींत पुन्हा जोडले जातात आणि थेट रक्तात न शिरता लसिकावाहिन्यांच्या वाटेने छातीतून वर चढून मानेच्या तळाशी रक्ताला मिळतात. काम संपलेले पित्तक्षार लहान आतड्याच्या अखेरच्या भागात शोषले जाऊन यकृताकडे परततात. सुमारे ९५ टक्के भांडवल असे पुन्हा पुन्हा फिरते. या साखळीतील कोणतीही कडी शस्त्रक्रियेने तुटली की तूप अंगी लागेनासे होते. कोणाचे जठर काढलेले असते, कोणाच्या आतड्याचा अखेरचा भाग. कारणे निराळी, तूट तीच.

बाबूजींची तुटलेली कडी लायपेजची होती. निसर्गाने स्वादुपिंडाला गरजेपेक्षा फार मोठी राखीव शक्ती दिलेली असते. लायपेजचा पुरवठा सुमारे एक दशांशावर येईपर्यंत बाहेर काही दिसत नाही. बाबूजींचे मात्र डोके गेलेले, उरलेल्या भागाचा रस अपुरा, आणि अन्न आले असा निरोप स्वादुपिंडाला देणारा आतड्याचा पहिला भागही नाहीसा झालेला. शौचातील इलास्टेजची तपासणी झाली. निरोगी माणसात हा आकडा २०० च्या वर असतो. बाबूजींचा ४० च्या आत आला.

'मग तूप बंद करू का?' बाईंनी विचारले. त्या प्रश्नात तीन महिन्यांचा पश्चात्ताप होता.

'थोडं कमी करा, बंद नको,' डॉक्टर म्हणाले. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तुपातून सुमारे नऊ. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांच्या सोबतीनेच शरीरात शिरतात. न पचलेले तूप बाहेर जाताना त्यांनाही घेऊन जाते. मग हाडे ठिसूळ होतात आणि रक्त गोठेनासे होते. न पचलेला मेद आतड्यातील कॅल्शियमला धरून ठेवतो, त्यामुळे ऑक्झलेट मोकळे राहून मूत्रपिंडात खडे होण्याचा धोकाही वाढतो. उपाय एकच होता : जे एन्झाइम शरीर देत नाही, ते प्रत्येक घासासोबत बाहेरून देणे. दोन मुख्य जेवणांबरोबर दोन-दोन कॅप्सूल आणि तीन लहान खाण्यांबरोबर एक-एक. रिकाम्या पोटी नाही, जेवण झाल्यावर तासाने नाही. एक पहिल्या घासाला, दुसरी जेवणाच्या मध्यावर. आतील दाणे चावायचे नाहीत. जठरातील आम्लाने लायपेज नष्ट होऊ नये म्हणून त्यांवर आवरण असते.

गावी परतल्यावर मुलगा औषधांच्या दुकानात गेला. दुकानदार समाजातलाच होता. त्याने बाटली काउंटरवर ठेवली आणि आवाज खाली आणून सांगितले, 'दादा, एक सांगून ठेवतो. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. सगळ्याच कंपन्यांचं. बाबूजींना चालेल का, ते तुम्ही बघा.'

मुलगा बराच वेळ दुकानासमोर उभा राहिला. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर शाकाहारी-मांसाहारीची खूण छापणे बंधनकारक आहे. औषधांना तो नियम नाही. वडिलांनी कधी विचारलेही नसते. त्याने बाटलीवरचे लेबल भिजवून काढले, कॅप्सूल एका साध्या काचेच्या बरणीत भरल्या आणि घरी कोणालाही काही सांगितले नाही. दिवाळीपर्यंत वहीतला आकडा ५३ वरून ५७ वर गेला. पहाटेचा बादल्यांचा आवाज थांबला. बाई पुन्हा हसू लागल्या. मुलगा मात्र जेवताना वडिलांच्या ताटाकडे पाहीनासा झाला.

दिवाळीला नात घरी आली. ती औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. आजोबांची बरणी पाहून तिने शिकलेले उत्साहाने सांगायला सुरुवात केली, आणि वाक्याच्या मध्यावर तिच्या लक्षात आले की खोलीत कोणीच बोलत नाही.

बाबूजी संतापले नाहीत. त्यांनी मुलाला जवळ बोलावले. 'तुला माहीत होतं?'

'होतं, बाबूजी.'

'माल कोणता आहे हे गिऱ्हाइकाला न सांगता आपण कधी विकला का?'

'नाही.'

'मग बापालाच का दिलास?'

मुलाजवळ उत्तर होते, पण ते शब्दांत येईना. 'तुम्ही घेतलं नसतं,' एवढेच तो म्हणाला. बाबूजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला; मात्र त्या संध्याकाळपासून बरणीला हात लावला नाही.

त्यांनी हट्टाने औषध टाकले असे म्हणता येणार नाही. ते स्वतः पुण्याला गेले आणि डॉक्टरांना सरळ विचारले, 'याऐवजी दुसरं काय आहे? आणि आजवर माझ्या अंगात आणखी काय काय गेलं, तेही सांगा.' डॉक्टरांनी काही लपवले नाही. शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज टोचलेले हेपारिन डुकराच्या आतड्यापासून बनते. बहुतेक कॅप्सूलची टरफले जिलेटिनची असतात. ड जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. स्वादुपिंडाचा रस मेद पचवतो, हे ज्ञानसुद्धा १८४० च्या दशकात क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सशांवर प्रयोग करून मिळवले. एकेकाळी मधुमेहाचे इन्सुलिनही डुकराच्या आणि गायीच्या स्वादुपिंडातून येत असे. १९८२ साली जिवाणूंकरवी तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि तो प्रश्न हळूहळू सुटला. लायपेजचे तसे अजून झालेले नाही. सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या एका औषधाची तेथे दीर्घ तपासणी झाली, पण २०११ साली त्याला मान्यता मिळू शकली नाही.

तरीही डॉक्टरांनी सहा आठवडे प्रयत्न करून पाहण्याचे मान्य केले. बुरशीपासून केलेल्या एन्झाइमच्या गोळ्या दिल्या. तुपाऐवजी खोबरेल तेलापासून वेगळे काढलेले, मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे तेल दिले. त्याला लायपेजची आणि पित्ताची फारशी गरज पडत नाही आणि ते लसिकेच्या वाटेने न जाता आतड्यातून सरळ यकृताकडे जाते. बाईंनी ते तेल तापवायचे नाही, वरून घालायचे, हे शिकून घेतले. दिवसाचे दोन ताट मोडून पाच लहान ताटे केली आणि सूर्यास्तापूर्वी ती सगळी बसवली. बाबूजींचा चौविहार मोडला नाही.

सहा आठवड्यांत वहीतला आकडा ५७ वरून ५१ वर आला. बादल्या पुन्हा वाजू लागल्या. काट्यावर चढताना नुसता धक्का लागला तरी दंडावर काळेनिळे डाग उठू लागले. तपासणीत रक्त गोठण्यास लागणारा वेळ वाढलेला दिसला आणि के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यावे लागले. प्रतिक्रमणात पाऊण तास बसवेना. मन सूत्रावरून सुटून पोटाकडे, मृत्यूकडे आणि मुलाला बोललेल्या शब्दांकडे जाई.

त्या दिवसांत विहारात असलेल्या काही महासतीजी चार दिवसांसाठी गावच्या स्थानकात थांबल्या होत्या. बाबूजी मुलाच्या खांद्याला धरून गेले आणि सर्व हकीकत सांगून म्हणाले, 'महाराज, हे सोडून शरीर पडू दिलं तर ती सल्लेखना होईल का?'

ज्येष्ठ महासतीजींनी सावकाश उत्तर दिले. सल्लेखना ज्याला प्रतिकार उरला नाही अशा अवस्थेत, शांत चित्ताने स्वीकारायची असते. ज्या दुखण्यावर उपाय हाती आहे, त्यात झुरत, कळवळत दिवस काढणे हे आर्तध्यान होय. 'औषध घ्या, असं आम्ही म्हणू शकत नाही,' त्या म्हणाल्या. 'त्यात हिंसा आहे, आणि ती नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. न घेऊन जो परिणाम भोगाल, तो समतेने भोगवेल का, हे तुमचं तुम्ही पाहा. निर्णय कोणताही करा, तो डोळे उघडे ठेवून करा. घेतलंत तर त्याला निर्दोष म्हणू नका. रोज आलोचना करा.'

परत येताना बाबूजी काही बोलले नाहीत. घरी आल्यावर हात-पाय धुऊन ते संध्याकाळच्या, सूर्य मावळण्यापूर्वीच्या जेवणाला बसले आणि मुलाला म्हणाले, 'ती बरणी आण.' मुलाने आणली. 'ही नको. लेबल असलेली बाटली आण.' मुलगा तसाच दुकानात गेला आणि नवी बाटली घेऊन आला. बाबूजींनी चष्मा लावून तिच्यावरचे अक्षर न अक्षर वाचले, नवकार म्हटला आणि पहिल्या घासाबरोबर कॅप्सूल घेतली. मग म्हणाले, 'उद्या समाजातल्या कोणी ही गोळी नाकारली, तर त्याला वेडा म्हणायचं नाही. आणि कोणी घेतली, तर त्याला पापी म्हणायचं नाही. मात्र विचारल्यावर खोटं सांगायचं नाही.'

तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने झाले. एकात सोमवारचे वजन, दुसऱ्यात आठवड्याच्या कॅप्सूल : रोजच्या सात, आठवड्याच्या एकोणपन्नास. बाई वरणावर मोजून एक चमचा तूप घालतात. धार धरत नाहीत. पहाटे कोणी बादल्या भरत नाही. शौचाची तक्रार असेल तर ती न लाजता सांगायची, हा घराचा नियम झाला आहे. सून तो नियम माहेरीही सांगून आली, तेव्हा तेथील एका काकांनीही जठराच्या शस्त्रक्रियेपासून चालत आलेले आपले गुपित प्रथमच डॉक्टरांपुढे उघड केले.

पुढील संवत्सरीच्या आदल्या दिवशी बाबूजींनी दुसऱ्या रकान्याची बेरीज केली : १,७६४. तेवढ्या कॅप्सूलची किंमत काढून ती रक्कम त्यांनी पांजरापोळाला पाठवली. मुलाला वाटले, आता वडिलांचे मन हलके होईल. त्याने तसे म्हणताच बाबूजींनी मान हलवली. महासतीजींनी त्यांना तेव्हाच बजावले होते की दान वेगळे आणि दोष वेगळा. एकाने दुसरा पुसला जात नाही.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागताना बाबूजींचा आवाज एका ठिकाणी थांबला. शेजारी बसलेल्या मुलाला कारण समजले. प्रतिक्रमण संपल्यावर त्याने वडिलांपुढे हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. त्यात काचेच्या बरणीचीही क्षमा होती. बाबूजींनी प्रथम त्याला जवळ घेतले आणि मग स्वतःही हात जोडले.

त्यानंतरच्या सोमवारी काट्याने ५९ किलो दाखवले. बाबूजींनी आकडा लिहिला, त्याच्यासमोर एकोणपन्नास लिहिले आणि वही मिटून पहिले पोते काट्यावर चढवण्यास सांगितले.